जोडा आतून झिजतो

मंडईजवळ रस्त्याच्या कडेला बसणाऱ्या एका मोचीदादांकडे मी गेली पंचवीस-तीस वर्षं जातो. चपलेचा अंगठा तुटला, पिशवीचा बंद उसवला, बॅगेची चेन अडली, की त्यांच्या छत्रीखाली जाऊन बसायचं. काम होईपर्यंत चार गप्पा होतात, गावातल्या बातम्याही कळतात. दोन वर्षांपूर्वी मी त्यांच्याकडे माझे पळायचे बूट घेऊन गेलो. सत्तरीला आलो तरी मी आठवड्यातून पाच दिवस पहाटे तळजाईच्या टेकडीवर पळतो. पळतो म्हणजे काय, भरभर चालणारी मंडळी मला मागे टाकून जातात. पण मी त्याला पळणंच म्हणतो. त्या सुमारास उजवा गुडघा महिनाभर कुरकुरत होता. वयाला बोल लावून मी मोकळा झालो होतो. बुटाची टाच एका अंगाला घासली होती, तेवढी रबराची पट्टी लावून घ्यावी, एवढाच माझा विचार होता.

दादांनी बूट हातात घेतला, उलटा केला, तळाच्या कडेला अंगठा दाबून पाहिला आणि माझ्याकडे परत दिला.

‘‘काका, पट्टी लावून देतो, पण उपयोग नाही. ह्याची गादी बसलीय.’’

‘‘अहो, एक टाकासुद्धा उसवलेला नाही.’’

‘‘टाके चांगलेच आहेत. चामड्याचा जोडा असता तर अजून दहा वर्षं चालवून दिला असता. हा फोम आहे. फोमला टाका कुठे मारू?’’

मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. तह, लढाया, सनावळ्या पाठ होत्या. पण आपल्या पायात काय आहे, ते कुठून आलं आणि कधी टाकून द्यावं, याचा मी कधी विचार केला नव्हता. त्या दिवसापासून केला. आज त्याचीच गोष्ट सांगणार आहे. त्यात थोडा पुण्याचा इतिहास आहे, थोडं शास्त्र आहे, आणि माझ्या हातून झालेली एक चूकही आहे.

आपल्या भाषेत जोडे झिजवणं म्हणजे कचेरीत खेटे घालणं. जोडा झिजतो तो तळाला आणि झिजला की दिसतो, हे त्यात गृहीत धरलेलं आहे. जुन्या चामडी जोड्याच्या बाबतीत ते खरंही होतं. माझ्या वडिलांचा करकरणारा पुणेरी जोडा तीन वेळा तळ बदलून घेतलेला मी पाहिला आहे. टाच घासली की नवी टाच, शिवण सुटली की आरीनं पुन्हा शिवण. जोडा जितका जुना तितका तो पायाला बसलेला. वस्तू तुटेपर्यंत वापरायची आणि तुटली की दुरुस्त करायची, हा आपल्या घरांचा धर्म होता. तो वाईट नव्हता. मात्र तो ज्या जोड्यासाठी घडला, तो चालण्याचा जोडा होता.

मग पळणारे लोक पायात काय घालत? पळणं हा खेळ होण्याआधी ते पोटाचं काम होतं. पेशवाईत पत्रं आणि निरोप पोचवण्यासाठी जासूद आणि काशीद असत. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी झाली. उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांना त्या अनर्थाची खबर २४ जानेवारीला भेलशाजवळ मिळाली, ती एका सावकाराचं पत्र घेऊन निघालेल्या काशीदाकडून. दोन मोत्यें गळाल्याचा तो निरोप शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला माहीत असतो. पत्र लिहिणारा सावकार होता आणि वाचणारे पेशवे होते, पण पाय मात्र कुणा गरिबाचे होते. आपल्याकडे पुढेही बराच काळ पळणारे पाय म्हणजे कष्टकऱ्याचे पाय, हे समीकरण टिकून राहिलं.

ते पुण्याच्या मैदानावर अगदी उघडपणे दिसलं १९१९ साली. डेक्कन जिमखान्याची स्थापना १९०६ची. सर दोराबजी टाटा तेव्हा जिमखान्याचे अध्यक्ष होते. जिमखान्याच्या मैदानी स्पर्धा पाहायला ते आले आणि समोरच्या दृश्यानं थक्क झाले. पुढे १९२९ साली त्यांनी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांना लिहिलेल्या पत्रात ही आठवण नोंदवली आहे. स्पर्धक बहुतेक शेतकऱ्यांची मुलं होती. शेतात राबणारी, साध्या अन्नावर वाढलेली. युरोपातले शर्यतीचे नियम त्यांना ठाऊक नव्हते, शिस्तबद्ध सराव हा प्रकार ठाऊक नव्हता. लांब पल्ल्याचे धावपटू चक्क अनवाणी पळत होते. तरीही त्यांच्यापैकी काहींच्या वेळा युरोपातल्या वेळांच्या आसपास जात होत्या. मुंबई प्रांताचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्यामार्फत खटपट झाली, दोराबजींनी पदरचे पैसे घातले आणि १९२०च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारताचा छोटासा संघ गेला. भारतातल्या ऑलिंपिक चळवळीचा उगम शोधत गेलं तर तो असा पुण्याच्या मैदानावरच्या अनवाणी पायांपाशी सापडतो.

त्या संघात बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले होते. २२ ऑगस्ट १९२० रोजी अँटवर्पच्या रस्त्यावर मॅरेथॉन झाली. हवा थंड, पाऊस पडलेला, आणि अंतर ४२.७५ किलोमीटर. ऑलिंपिकमधली आजवरची ही सर्वांत लांब मॅरेथॉन. फिनलंडचा हान्नेस कोलेमाइनेन २ तास ३२ मिनिटं ३५.८ सेकंदांत पहिला आला. आपले चौगुले २ तास ५० मिनिटं ४५.४ सेकंद अशी वेळ देऊन एकोणिसावे आले. बोटीनं समुद्र ओलांडून गेलेल्या, आयुष्यात पहिल्यांदा असं मैदान पाहणाऱ्या माणसाची ही कामगिरी आहे. आज पुण्यात मॅरेथॉनचे टी-शर्ट घालून फिरणाऱ्या किती जणांना चौगुल्यांचं नाव ठाऊक असेल?

अनवाणी पायांची ही कीर्ती पुढे जगभर झाली ती १९६० साली. रोमच्या ऑलिंपिकमध्ये इथिओपियाचा अबेबे बिकिला हा शाही रक्षकदलातला शिपाई मॅरेथॉन अनवाणी पळाला आणि २ तास १५ मिनिटं १६.२ सेकंदांत जिंकला. त्याआधी मॅरेथॉन इतक्या वेगानं कुणी पळालं नव्हतं. आपल्याकडे सैन्यातले शिवनाथसिंग अनवाणी पळण्यासाठीच ओळखले जात. १९७६च्या मॉन्ट्रिअल ऑलिंपिकमध्ये ते अकरावे आले आणि १९७८ साली जालंधरला त्यांनी २ तास १२ मिनिटं अशी वेळ दिली. तो राष्ट्रीय विक्रम पुढे कितीतरी दशकं कुणाला मोडता आला नाही.

या कथा मी वर्गात फार रंगवून सांगत असे. साधनं नसली तरी जिद्द असली की झालं, हे त्यांचं तात्पर्य. आणि इथेच माझी चूक झाली.

पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ साली सुरू झाली. परदेशी धावपटू आपल्या ओळखीच्या रस्त्यांवरून पळताना पाहून सगळ्या शहराला पळण्याचं वेड लागलं. मी तेव्हा तिशीत होतो आणि पेठेतल्या एका शाळेत शिकवत होतो. आम्हीही शाळेची एक छोटी शर्यत सुरू केली. सारसबागेजवळून निघायचं, पर्वतीला वळसा घालून परत यायचं. एका वर्षी आठवीतला एक मुलगा निम्म्या वाटेत बूट काढून हातात घेऊन पळाला आणि दुसरा आला. बक्षीस समारंभात मी माइक हातात घेतला आणि त्याची तुलना थेट बिकिलाशी केली. टाळ्यांचा कडकडाट झाला. मुलगा मान खाली घालून उभा होता. मला वाटलं, लाजतोय.

दुसऱ्या दिवशी तो शाळेत आला नाही. तिसऱ्या दिवशी त्याची आई भेटायला आली. बूट त्याच्या थोरल्या भावाचे होते. भावाचा पाय अरुंद, याचा पसरट. दोन्ही टाचांना आणि करंगळ्यांना फोड येऊन फुटले होते, म्हणून त्यानं बूट काढले होते. मग रस्त्यावरच्या खडीनं तळवा कापला गेला आणि त्यात पू झाला. ‘‘सर, तुम्ही एवढं कौतुक केलंत म्हणून त्यानं घरी सांगितलंच नाही,’’ असं ती माउली म्हणाली. त्या वाक्याची बोच आजही गेलेली नाही. मी त्याच्या जिद्दीवर भाषण केलं होतं, त्याच्या पायांकडे मात्र पाहिलं नव्हतं.

पुढे वाचताना मला बिकिलाच्या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग सापडला. रोममध्ये त्याच्यापुढे जे बूट आले, त्यांतला एकही त्याच्या पायाला नीट बसेना. म्हणून तो अनवाणी पळाला, कारण सरावात तशी सवय होती. चार वर्षांनी, १९६४ साली टोकियोला, तो पायाला बसणारे बूट घालून पळाला आणि २ तास १२ मिनिटं ११.२ सेकंदांत पुन्हा जिंकला. म्हणजे आधीपेक्षा तीन मिनिटांहून अधिक लवकर. ऑलिंपिक मॅरेथॉन लागोपाठ दोनदा जिंकणारा तो पहिला धावपटू. हा दुसरा भाग मी वर्गात कधी सांगितला नव्हता, कारण मला तो ठाऊकच नव्हता. बिकिलाची गोष्ट बूट नकोत असं सांगत नाही. पायाला न बसणाऱ्या बुटापेक्षा अनवाणी बरं, एवढंच ती सांगते. चौगुल्यांच्या काळातल्या मुलांना तर निवड करण्याची सोयच नव्हती. ज्याला निवड नाही त्याच्या नसण्याला आपण त्याचा गुण म्हणायला लागलो की घोटाळा होतो.

आता बुटांकडे वळू. पळायचा बूट ही रबराची लेक आहे. कच्चं रबर उन्हाळ्यात वितळून चिकट व्हायचं आणि थंडीत दगडासारखं कडक. १८३९ साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयर याला गंधक मिसळून तापवलेलं रबर लवचीक आणि टिकाऊ होतं, हे कळलं. त्यातून कापडी वरचा भाग आणि रबरी तळ असे बूट निघाले. इंग्लंडमध्ये १८७०च्या दशकात त्यांना ‘प्लिमसोल’ म्हणू लागले. जहाजात माल किती भरायचा याची मर्यादा दाखवणाऱ्या रेषेला सॅम्युएल प्लिमसोल या खासदाराचं नाव मिळालं होतं. बुटाच्या कडेची रबरी पट्टी त्या रेषेसारखी दिसे, म्हणून तेच नाव बुटालाही चिकटलं.

आपल्याकडे तो आला पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटाच्या रूपानं. बाटा कंपनी भारतात १९३१ साली सुरू झाली आणि कलकत्त्याजवळ बाटानगर वसलं. त्यानंतरच्या दोन-तीन पिढ्यांनी पीटीच्या तासाला हेच बूट घातले. शुक्रवारी रात्री त्याला ओलं पांढरं पॉलिश फासून गॅलरीत वाळत ठेवायचं, हा अनेक घरांतला विधी होता. पुढच्या वर्षीही यावेत म्हणून एक नंबर मोठे घेतलेले, आणि पुढच्या वर्षी लहान झाले की धाकट्याला दिलेले. त्या बुटात गादी अशी नव्हतीच. रबराचा पातळ तळ जमिनीला घासून भोक पडेपर्यंत तो चालायचा आणि भोक पडलं की आतून पुठ्ठा घालून आणखी महिनाभर.

१९७० हे दशक या इतिहासातलं वळण आहे. अमेरिकेत सामान्य माणूस आरोग्यासाठी रस्त्यावर पळू लागला. ओरेगन राज्यात बिल बॉवरमन नावाच्या प्रशिक्षकानं आपल्या पत्नीच्या वॉफल भाजायच्या साच्यात रबर ओतून खाचाखाचांचा तळ बनवून पाहिला. साचा कामातून गेला, पण बुटाचा नवा तळ जन्माला आला. त्याच दशकाच्या मध्यावर इव्हीए नावाचा हलका फोम बुटाच्या मधल्या थरात आला. आज आपण ज्याला गादी म्हणतो ती हीच. तळाचं रबर आणि पाय यांच्या मध्ये हवेच्या लाखो बारीक बुडबुड्यांचा थर. पाऊल पडलं की तो दबतो, उचललं की फुगतो. आपल्याकडे या पद्धतीचे परदेशी बूट सर्रास दिसू लागले ते १९९०च्या दशकाच्या मध्यानंतर, आर्थिक धोरणं बदलल्यावर. लक्ष्मी रोड आणि कॅम्पातल्या दुकानांच्या काचांमागे ते झळकू लागले, तेव्हा किमतीची चिठ्ठी पाहूनच आम्ही पुढे सरकत होतो.

पण या फोमबरोबर एक गोष्ट बदलली आणि ती आमच्या पिढीच्या लक्षात आली नाही. हा जोडा आतून झिजतो. हजारो पावलांखाली ते बुडबुडे चपटे होत जातात आणि पुन्हा पूर्ण फुगत नाहीत. वरचं कापड नवं दिसतं, तळाची नक्षी शाबूत असते, आणि मधला थर मात्र गेलेला असतो. १९८५ साली अमेरिकेत निरनिराळ्या कंपन्यांच्या बुटांची यंत्रावर चाचणी झाली. सुमारे ८० किलोमीटरइतका मार सोसल्यावरच धक्का शोषण्याची शक्ती मूळच्या तीन चतुर्थांशांवर आली, आणि ४०० ते ८०० किलोमीटरच्या दरम्यान साठ टक्क्यांच्याही खाली. माणसांनी प्रत्यक्ष वापरलेल्या बुटांत ही घट थोडी कमी दिसली. पाचशे ते आठशे किलोमीटरला बूट बदलावेत हा आज सगळीकडे सांगितला जाणारा ठोकताळा अशा मापांशी जुळतो. तो काही कायदा नाही. वजन, रस्ता, पळण्याची ढब यांवर तो मागेपुढे होतो. पण हिशेब करायला उपयोगी आहे.

मी माझा हिशेब केला. रोज पाच किलोमीटर, आठवड्याला पाच दिवस, म्हणजे २५ किलोमीटर. चोवीस आठवड्यांत ६०० किलोमीटर झाले. म्हणजे साडेपाच-सहा महिन्यांत बुटाकडे संशयानं पाहायला हवं होतं. माझा बूट तीन वर्षांचा होता! मोचीदादांनी अंगठ्यानं जे ओळखलं, ते मला माझ्या गुडघ्यानं महिनाभर ओरडून सांगितलं तरी कळलं नव्हतं. तेव्हापासून घरातल्या दिनदर्शिकेवर दुधाच्या हिशेबाशेजारी मी किलोमीटर मांडतो.

आणखी एक फसवणूक आपण स्वतःचीच करतो. सेलमध्ये मिळाले म्हणून जादा बूट घेऊन माळ्यावर जपून ठेवतो. काही बुटांचा मधला थर पॉलियुरेथेन या पदार्थाचा असतो. पावसाळी दमट हवेतल्या ओलाव्यानं तो वर्षानुवर्षं हळूहळू कुजत राहतो. मग एक दिवस मोठ्या हौसेनं ते कोरे बूट काढावेत, आणि टेकडीच्या निम्म्या वाटेत तळाचा भुगा होऊन पडावा. न वापरता ठेवलेला बूटही म्हातारा होतो.

आता निवड कशी करायची? दुकानात शिरलं की नव्या माणसाची पंचाईत होते. तुमचा तळवा सपाट आहे की कमानदार, असं विचारतात. ओला पाय शहाबादी फरशीवर ठेवून ठसा पाहायची युक्तीही पुष्कळांना ठाऊक असते. ठशावरून बुटाचा प्रकार ठरवावा, हे वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. पण २००९-१०च्या सुमारास अमेरिकी सैन्यदलांनी हजारो नव्या सैनिकांवर हे तपासून पाहिलं. निम्म्यांना तळव्याच्या आकाराप्रमाणे बूट दिले, निम्म्यांना सरसकट एकाच प्रकारचे. दुखापतींच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठाचे बेनो निग आणि त्यांचे सहकारी या विषयावर आयुष्यभर काम करत आले. २०१५ साली त्यांनी मांडलेला विचार अगदी साधा आहे. जो बूट घालून पळताना पायाला सर्वांत सुखकर वाटतो, तो निवडावा. पायाला त्याचं बरंवाईट कळतं.

म्हणून मी आता काही गोष्टी पाळतो. बूट संध्याकाळी घ्यायला जातो, कारण दिवसभरात पाऊल थोडं सुजतं आणि पळतानाही सुजतं. पळताना जे मोजे घालतो तेच घालून जातो. दोन्ही पावलं मापून घेतो, कारण बहुतेकांचं एक पाऊल दुसऱ्यापेक्षा किंचित मोठं असतं, आणि माप मोठ्या पावलाचं धरतो. सर्वांत लांब बोटापुढे आडव्या अंगठ्याएवढी जागा हवी. उतारावर नखं काळी पडतात ती ही जागा नसल्यामुळे. पंजा रुंदीला आवळता कामा नये आणि टाच आत निसटता कामा नये. ‘वापरून सैल होईल’ या आश्वासनाला भुलायचं नाही. तो मंत्र चामड्याच्या जोड्याचा होता. दुकानात दहा-वीस पावलं खरोखर पळून बघायचं. लोक हसतात, हसू द्यावं.

शक्य असेल तर दोन जोड्या आलटून पालटून वापराव्यात. लक्झेंबर्गमध्ये २६४ धावपटूंची २२ आठवडे नोंद ठेवली गेली, तेव्हा एकाहून अधिक जोड्या वापरणाऱ्यांत दुखापतीचा धोका सुमारे ३९ टक्के कमी आढळला. दोन जोड्या म्हणजे दुप्पट खर्च नव्हे. दोन्ही दुप्पट काळ पुरतात. पावसात भिजलेला बूट कडक उन्हात किंवा गॅसशेजारी वाळवू नये. आत रद्दीचा कागद कोंबून वाऱ्यावर ठेवावा. हा रविवारचा अंक वाचून झाल्यावर त्या कामी यायला माझी हरकत नाही.

आणि किंमत? २०१९ साली व्हिएन्नात केनियाचा एलियुड किपचोगे याने मॅरेथॉनचं अंतर १ तास ५९ मिनिटं ४० सेकंदांत तोडलं. त्याच्या बुटात जाड, उसळणारा फोम आणि आत कार्बनची पट्टी होती. असे बूट इतके प्रभावी ठरले, की जानेवारी २०२० मध्ये जागतिक ॲथलेटिक्स संघटनेला रस्त्यावरच्या शर्यतीसाठी तळाची जाडी ४० मिलिमीटरपर्यंत मर्यादित करावी लागली. ज्यांची शर्यत सेकंदांवर ठरते त्यांच्यासाठी ते आहेत. तळजाईच्या मुरमाच्या वाटेवर माझ्यासारख्यानं ते घालून काय मिळवायचं? महाग बूट म्हणजे सुरक्षित बूट नव्हे, हे दुकानात जाण्यापूर्वी मनाशी पक्कं करावं.

तरी एक गोष्ट सारखी मनात येते. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत सुरुवातीला अनवाणी पळायची. दिल्लीच्या २०१० सालच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये तिनं कांस्यपदक मिळवलं आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य. दोराबजींनी १९१९ साली जे पाहिलं, ते नव्वद वर्षांनंतरही महाराष्ट्रात संपलेलं नव्हतं. आपण अशा मुलींचे सत्कार करतो, भाषणं देतो. ज्या पावलांचं कौतुक चाललंय त्यांचं माप मात्र कुणी घेतलेलं नसतं. मी स्वतः तसं वागलो होतो, म्हणून बोलतो.

आणखी एक सवय तपासून पाहण्यासारखी आहे. आपले पळून पळून संपलेले बूट आपण धुऊन, पिशवीत घालून गरजू मुलांना देतो आणि समाधानानं परत येतो. देण्याची भावना चांगलीच आहे. पण ज्याची गादी आपल्या गुडघ्याला पुरली नाही, ती पळणाऱ्या मुलाच्या वाढत्या हाडांना कशी पुरेल? आणि मापाचं काय? चालायला, शाळेत जायला तो बूट जरूर द्यावा. पळणाऱ्या मुलाला मात्र साधा का होईना, नवा आणि त्याच्या पायावर घालून पाहिलेला बूट द्यावा. आता मी वर्षाला असा एक जोड घेतो. ज्याला द्यायचा त्याला घेऊनच दुकानात जातो. दुकानदाराला सांगतो, याला पळून बघू द्या. पहिल्यांदा ती मुलं संकोचतात. मग दाराशी जाऊन परत येतात, खाली पाहतात आणि म्हणतात, ‘‘सर, हा दाबत नाही.’’

त्या आठवीतल्या मुलाला हे विचारायचं राहून गेलं.

माझे ते तीन वर्षांचे बूट मोचीदादांनी ठेवून घेतले. तळाचं रबर अजून दणकट होतं; ते रापीनं सोडवून त्यांनी चपलांच्या टाचांना लावायला तुकडे करून ठेवले. गुडघा नव्या बुटात दीड-दोन महिन्यांनी शांत झाला. परवा त्यांच्याकडे बॅगेची चेन घेऊन गेलो, तर त्यांनी आधी माझ्या पायांकडे पाहिलं.

‘‘किती झाले, काका?’’

‘‘चारशे वीस,’’ मी म्हटलं.

‘‘मग दिवाळीच्या आधी घ्या,’’ ते म्हणाले आणि चेन उघडायला लागले.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)